जळगावच्या ताईंकडून घेतलेलं पर्शियन पिल्लू – आमचा अनुभव

ज्यांना जळगाव-धुळे साइडला पर्शियन मांजराचं पिल्लू घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा. आम्ही अमळनेरचे. ताई जळगावात राहत्या घरातच मांजरं पाळतात, दुकान नाही बोर्ड नाही. दोन माद्या आणि एक बोका, एवढंच. एका वेळी एकच मादी व्यायते म्हणून घरात एकाच वेताची पिल्लं असतात आणि सगळं घर त्यांच्या मागं लागलेलं असतं.

रेटिंग पाच स्टार. देखणं पिल्लू आता भुसावळला पण मिळतं आणि इन्स्टावर तर ढिगानं मिळतात, पण पिल्लाचे पहिले तीन महिने कसे गेले ते कुणी सांगत नाही. ताई सांगतात आणि नुसतं सांगत नाहीत, वही दाखवतात.

त्या वहीचं आधी सांगते कारण मला सगळ्यात जास्त तीच आवडली. पिल्लू जन्मलं की त्याला किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवतात, साधारण 100 ग्रॅम भरतं, आणि मग रोज ठराविक वेळेला वजन. रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला पाहिजे. एखाद्या दिवशी वजन वाढलं नाही की लगेच त्या पिल्लाकडं लक्ष, कारण एवढंसं पिल्लू आजारी दिसायला लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो पण काटा आधी सांगतो. आमच्या पिल्लाच्या पानावर एका ठिकाणी दोन दिवस वजन जागच्या जागी होतं, बाजूला लिहिलेलं की भावंडं ढकलून देतात म्हणून ह्याला आधी आईजवळ लावलं, आणि पुढच्या दिवसापासून वजन परत वर. असं लिहून ठेवणारं माणूस मी तरी दुसरं बघितलं नाही.

ऊब हा दुसरा विषय. नवीन पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, म्हणून आधी ऊब मग दूध हा त्यांचा नियम. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते तेव्हा खोक्याच्या एकाच बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवतात, एकाच बाजूला अशासाठी की जास्त गरम झालं तर पिल्लू सरकून दुसरीकडं जाऊ शकेल. आणि मे महिन्यात जळगाव 44-45 डिग्रीला जातं तेव्हा त्यांच्याकडं वेतच नसतं. चपट्या नाकाच्या मांजराला आधीच श्वासाला त्रास, त्यात ती उष्णता, त्यात लाईट गेली की कूलर बंद. म्हणून एप्रिल-मेमध्ये पिल्लू पाहिजे म्हणून फोन केला तर सरळ नाही म्हणतात.

आता माणसाळवण्याचं, ह्याच्यासाठी तर मी लिहायला बसले. मांजराच्या पिल्लाला माणसाची ओळख लागायचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला असतो, फार छोटा आहे हो. अमेरिकेत टेंपल युनिव्हर्सिटीत आयलीन कार्श म्हणून होत्या, त्यांनी 1980 च्या दशकात हेच तपासलं होतं, ज्या पिल्लांना लवकर आणि रोज हाताळलं ती मोठी झाल्यावर माणसाजवळ आपणहून येतात. नंतर कितीही लाड करा, तो काळ गेला की मांजर जन्मभर बुजरं राहू शकतं. ताईंच्या घरात दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पिल्लू रोज थोडा वेळ हातात, मादी शांत असेल तेव्हाच. आणि एकट्या ताईंच्या हातात नाही तर त्यांच्या सासऱ्यांच्या, कॉलेजातल्या मुलाच्या, शेजारच्या लहान पोरींच्या पण, कारण एकाच माणसाची सवय झालेलं पिल्लू बाकीच्यांना घाबरतं. पोरींना आधी खाली फरशीवर मांडी घालून बसवतात, पिल्लू उचलायचं तर मागच्या पायाखाली हात, आणि बोटं चावायला द्यायची नाहीत, खेळायला दोरीला बांधलेलं पीस.

पिल्लं किचनला लागून असलेल्या खोलीत वाढतात म्हणून कुकरची शिट्टी, मिक्सर, डोअरबेल सगळं कानावरून गेलेलं. दिवाळीच्या आधी मोबाईलवर फटाक्यांचा आवाज एकदम बारीक लावून जेवणाच्या वेळी ऐकवतात आणि हळूहळू वाढवतात. रोज कंगवा, रोज पंजा दाबून नख बाहेर काढून बघणं, तोंड उघडून बघणं. कॅरियर, म्हणजे मांजर न्यायचा पिंजरा, खोलीत उघडाच पडलेला असतो, पिल्लं त्यातच झोपतात. आमचं पिल्लू पहिल्यांदा डॉक्टरकडं नेलं तर कॅरियरमध्ये स्वतः जाऊन बसलं आणि टेबलावर डॉक्टरांनी कान बघितले तरी गप्प, डॉक्टरांनीच विचारलं कुठून आणलंय.

आमच्या नात्यात एकांनी एका पेट शॉपमधून पाच आठवड्यांचं पिल्लू घेतलेलं, नाव नाही लिहीत. आईपासून तोडलेलं, लस नाही, आठवड्यात उलट्या-जुलाब आणि पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या व्हायरसच्या आजाराने, गेलं. त्याचा व्हायरस घरात वर्षभर सुद्धा टिकू शकतो आणि साध्या फिनाईलने मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. त्यात फिनाईल मांजराला विषारी, फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं. ही गोष्ट आपल्याकडं किती घरात माहिती आहे? ताई पिल्लू द्यायच्या आधी विचारतातच की फरशी कशाने पुसता.

असं होऊ नये म्हणून ताई बारा आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाहीत. मी पण विचारून बघितलं की आठ आठवड्याला द्या ना, खातंय तर स्वतःचं. त्या म्हणाल्या, "खातंय हो, पण अजून शिकतंय. किती जोरात चावायचं, कधी थांबायचं हे आई आणि भावंडं शिकवतात, ते मला पण शिकवता येत नाही." तोपर्यंत ट्रायकॅट ह्या मांजरांच्या लसीचे दोन डोस, दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, सगळ्याच्या तारखा लसीच्या पुस्तकात. रेबीजचं इंजेक्शन तीन महिने झाल्यावर असतं ते आपण करायचं.

आईबापाचे रिपोर्ट मागायची गरज पडली नाही, त्यांनीच काढून ठेवले. पर्शियनमध्ये किडनीत गाठी होण्याचा आजार पिढीतून येतो, पीकेडी म्हणतात, दोघांपैकी एकात जरी असला तरी साधारण अर्ध्या पिल्लांत उतरतो. 2004 मध्ये त्याचं जनुक सापडलं, तेव्हापासून नुसत्या गालाच्या आतल्या स्वॅबवरून डीएनए टेस्ट होते. कुठूनही घ्या पण पर्शियन घेताना हा रिपोर्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खाण्याचं. आमच्या सासूबाईंना पिल्लू बघितल्याबरोबर "हाई मांजर शे का कापूसनं बोंड!" असं झालं आणि लगेच दूधपोळीची वाटी आली. ताईंनी फोनवर त्यांना नीट समजावलं, आई, गाईचं दूध त्याला पचत नाही जुलाब होतात, आणि मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं, ते नाही मिळालं तर डोळे आणि हृदय जातं. आमच्या घरात नॉनव्हेज शिजत नाही म्हणून आम्ही तयार किटन फूड देतो, पॅकेटवर टॉरिन लिहिलेलं बघून. हा प्रश्न बऱ्याच घरात येणार म्हणून लिहिलं, शाकाहारी मांजर होत नाही.

न आवडलेल्या गोष्टी पण आहेत. फोन दुपारी उचलत नाहीत, मेसेजचं उत्तर कधी कधी दोन दिवसांनी. शी-शूच्या ट्रेमध्ये टाकायला त्या लाकडी पेलेटचं (भुश्याच्या गोळ्यांचं) लिटर वापरतात कारण ओलं झाल्यावर गोळा होणारं लिटर छोटी पिल्लं खातात आणि पोटात अडकतं, हे बरोबरच आहे, पण ते पेलेट अमळनेरला मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागतं, हे आधी सांगायला पाहिजे होतं. उन्हाळ्यात केसांचं काय करायचं ह्याबद्दल पण अजून सविस्तर सांगायला पाहिजे, मला तीनदा फोन करून विचारावं लागलं. किंमत पेट शॉपपेक्षा जास्तच आहे, भाव होत नाही.

भेटायला जाताना साबणाने हात धुवावे लागतात, चपला बाहेर, आणि त्या दिवशी दुसरीकडं मांजरं बघून आलात तर आत घेत नाहीत. काही लोकांना राग येतो, मला तर ह्यामुळंच विश्वास वाटला. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पार्सल अजिबात नाही, स्वतः येऊन न्यायचं. कागदावर सही घेतात की सहा महिन्यांच्या आत नसबंदी करू, मांजर चार महिन्याला पण माजावर येऊ शकतं, आणि कधी सांभाळणं जमलं नाही तर त्यांनाच परत द्यायचं, रस्त्यावर नाही आणि दुसऱ्याला पण नाही.

सोबत आईच्या वासाचं एक फडकं आणि आठवडाभराचं तेच खाणं दिलं. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा म्हणाल्या, आम्ही ठेवलं. संध्याकाळपर्यंत कॉटखाली, रात्री माझ्या मुलीच्या मांडीवर.

पुढचं वेत दिवाळीनंतर आहे, नाव आधी लावून ठेवा आणि फोन संध्याकाळी सातनंतरच करा.