मुलाच्या केसांची मेटल-मिनरल टेस्ट : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. बोलणं उशिरा, अजून दोन-तीन शब्दांचीच वाक्यं, झोप कमी, एका जागी बसत नाही आणि भिंतीचे पोपडे, कुंडीतली माती, खडू, जे हाती लागेल ते तोंडात. सप्टेंबरमध्ये थेरपी सेंटरच्या बाहेर बाकावर बसलेल्या एका आईने केसांच्या टेस्टबद्दल सांगितलं की केस पाठवायचे आणि शरीरात कुठला जड धातू साठलाय, कुठलं खनिज कमी आहे ते सगळं एका रिपोर्टमध्ये कळतं. रक्त काढावं लागत नाही हे ऐकूनच मी अर्धी तयार झाले होते, कारण आमच्याकडे सुई म्हटलं की तिघांनी धरायला लागतं. किटचे साडेआठ हजार भरले. लॅबचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका लॅबपुरतं नाहीये.

किटमध्ये पुठ्ठ्याचा एक छोटा तराजू येतो. त्यावर केस ठेवत जायचे, तो कलला की वजन पुरेसं झालं. केस मानेच्या वरून, अगदी कातडीला लागून कापायचे आणि मुळाकडचे तीन-चार सेंटीमीटरच ठेवायचे, टोकं टाकून द्यायची. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे तेवढ्या तुकड्यात मागचे तीन-चार महिने येतात असा हिशेब. जावळ काढल्यापासून त्याचे केस पातळच आहेत, त्यामुळे तो झोपल्यावर मोबाईलच्या टॉर्चमध्ये पाच-सहा ठिकाणांहून थोडे थोडे घेतले. कमी पडतील या भीतीने जास्तच कापले गेले आणि उरलेले मी एका पाकिटात तारीख घालून ठेवले, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

तीन आठवड्यांनी अकरा पानांची पीडीएफ आली. प्रत्येक धातूची एक पट्टी, हिरवा, पिवळा, लाल. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि झिंक लाल रेषेच्या पार बाहेर, अ‍ॅल्युमिनियम लाल, सोडियम-पोटॅशियम खाली. लोह हिरव्याच्या वरच्या टोकाला, शिसं हिरव्यात, पारा जवळपास शून्य. खाली लिहिलेलं की मूल स्लो ऑक्सिडायझर आहे (म्हणजे त्यांच्या भाषेत शरीराची अन्नातून ऊर्जा बनवण्याची गती मंद), मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकलेली आहे. त्या रात्री मी झोपले नाही, कारण आपल्या मुलाच्या नावासमोर लाल पट्टी बघणं कुठल्याही आईला सहन होत नाही.

मग चाळीस मिनिटांचा कन्सल्टेशन कॉल. त्यात मला समजावलं गेलं की पारा कमी दिसतोय ही चांगली गोष्ट नाही, याचा अर्थ शरीर पारा बाहेर टाकतच नाहीये, तो आत अडकलाय. तसंच कॅल्शियम केसात जास्त म्हणजे शरीरात कमी. मी वहीत सगळं लिहून घेतलं आणि महिनाभर त्यावर विश्वासही ठेवला. नंतर एकदा तीच वही वाचताना विचार आला की पारा जास्त आला असता तर विषबाधा म्हटले असते, कमी आला तर लपलेली विषबाधा म्हणतात, मग कितीचा आकडा आला असता म्हणजे माझं मूल ठीक आहे असं म्हणाले असते? पुढच्या कॉलवर अगदी सरळ हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही, दोन अजून सप्लिमेंट वाढली.

सप्लिमेंट एकूण सात झाली, महिन्याला नऊ हजारांच्या आसपास. झिंक दिलं की तो उलटी करायचा, जेवणावरचं मन उडालं, सहा आठवड्यांत जवळजवळ एक किलोने उतरला. झिंक जास्त काळ जास्त दिलं तर शरीर तांबं नीट शोषून घेत नाही हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. वर शरीरातला धातू लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या डीएमएसए नावाच्या औषधाची कॅप्सूल देऊन लघवी तपासायचं सुचवलं. तिथे मात्र माझा नवरा आडवा आला, आधी मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखवू, मगच काय ते. आज मी त्याचे मनापासून आभार मानते.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी प्रश्न विचारले. घरी पाणी कुठलं, डोक्याला काय लावता, दिवसभर मूल कुठे असतं, तोंडात नक्की काय घालतं. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडला, वापरायला बोअर आणि टँकर, नळावर पांढरे थर बसतात इतकं जड पाणी. त्याच पाण्याने रोज डोकं धुतो, केसांवरचं कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथूनच आलेलं असू शकतं. त्याला खपल्या होत्या म्हणून सहा महिने आम्ही घरातला कोंड्याचा शाम्पू लावत होतो, बाटली उलटी करून वाचली तर झिंक पायरिथिऑन. बाहेरून चिकटलेलं आणि आतून आलेलं, दोन्ही केसात सारखंच मोजलं जातं आणि लॅबमध्ये धुतल्यावर त्यातलं किती जातं ते धुण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं. मशीन खोटं नाही, लॅबमधलं धातू मोजायचं ते आयसीपी-एमएस मशीन अगदी सूक्ष्म प्रमाण बरोबर मोजतं. पण मोजलेलं कुठून आलं ते मशीनला कळत नाही.

घरी येऊन मी ते पाकीट काढलं. त्याच दिवशी, त्याच डोक्यावरून, त्याच कात्रीने कापलेले केस दुसऱ्या एका लॅबला पाठवले. आकडे बघून आधी वाटलं दहापट फरक आहे, मग लक्षात आलं की एकाने पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) दिलंय आणि दुसऱ्याने मिलिग्रॅम टक्क्यात (शंभर ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम), तिथला १ म्हणजे इथले १०, हे आधी तपासा नाहीतर उगाच हादराल. पण युनिट सारखी करूनही अ‍ॅल्युमिनियम पहिल्याकडे लाल तर दुसऱ्याकडे हिरवं, पहिल्याकडे हिरवं असलेलं आर्सेनिक दुसऱ्याकडे पिवळं आणि आमचा स्लो ऑक्सिडायझर मुलगा तिथे फास्ट ऑक्सिडायझर! दोन्हीकडचे सल्ले एकमेकांच्या उलटे. हे माझ्याच बाबतीत झालं असंही नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १९८५ साली दोन निरोगी मुलींचे केस १३ लॅबना पाठवून बघितल्याचा अभ्यास आहे आणि २००१ साली एकाच निरोगी व्यक्तीचे केस वाटून ६ लॅबना पाठवल्याचा. त्या दुसऱ्यात १२ खनिजांच्या बाबतीत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात दहापटीहून जास्त फरक निघाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला आहे की ऑटिझम किंवा वागणुकीच्या, विकासाच्या तक्रारी असलेल्या मुलांमध्ये विषारी द्रव्यं शोधायला केसांची टेस्ट करू नका.

केसांची तपासणी म्हणजे सगळंच थोतांड असं मात्र मी म्हणणार नाही. माशांतून येणारा मिथाइल पारा केसात नीट मोजता येतो, इराकमध्ये १९७१-७२ साली पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेला बियाण्याचा गहू लोकांनी खाल्ला तेव्हा केसांवरूनच कुणाच्या पोटात कधी किती गेलं ते शोधलं होतं. पण तिथे विष माहीत होतं आणि प्रश्न एकच होता. पस्तीस धातूंच्या पट्ट्या काढून त्यावरून मुलाचा स्वभाव आणि ग्रंथी वाचायच्या, ही गोष्ट वेगळी.

आता जे खरं सापडलं ते. डॉक्टरांनी शिरेतून रक्त काढून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) आणि शिसं तपासायला लावलं. बोटाला टोचून नको म्हणाले, कारण कातडीवरची धूळ मिसळून शिशाचा आकडा फुगू शकतो. तिघांनी धरलं, दोन मिनिटं रडला, संपलं. एवढ्यासाठी मी तीन महिने घालवले होते. हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ७, म्हणजे लोहाचा साठा जवळपास संपलेला, तोही केसांच्या रिपोर्टमध्ये लोह भरपूर दाखवलेलं असताना. आणि शिसं ८.२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर, जे केसात हिरव्या पट्टीत होतं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते की ५ किंवा त्याच्या वर आकडा आला की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, अमेरिकेत तर ही रेषा आता ३.५ आहे.

कुठून येतंय ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मी आणि नवरा नोकरीवर, मुलगा दिवसभर पेठेतल्या जुन्या घरी आजीजवळ. तिथे रस्त्याकडच्या खिडकीत तो तासन् तास उभा असतो. त्या खिडकीचे गज मी त्या दिवशी पहिल्यांदा वाकून त्याच्या उंचीवरून बघितले. वरच्या हिरव्या ऑइलपेंटवर बारीक दातांच्या खुणा, त्याखाली पिवळा थर, त्याखाली शेंदरी. जुन्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून जो शेंदरी प्रायमर मारायचे त्यात शिशाचंच ऑक्साइड असायचं आणि आपल्याकडे घराच्या रंगात शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, हे गज त्याच्या कितीतरी आधीचे. सासूबाई किती वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "माझ्याच घरात झालं का गं हे." मी म्हटलं, आई, कोणालाच माहीत नव्हतं हो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या २७ कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात शिसं ५ च्या वर असल्याचा अंदाज आहे, त्यातल्या कितीतरी जणांच्या घरात कुठे ना कुठे असा गज, शिशाची भेसळ असलेली हळद, शिसं असलेलं भांडं नाहीतर बॅटरीची धूळ असणार.

यात एक चक्र आहे. लोह कमी असलं की मुलं माती-पोपडे खातात आणि लोह कमी असलं की आतडं शिसंही जास्त ओढून घेतं. म्हणून डॉक्टरांनी लोहाचं सिरप सुरू केलं, वजनाप्रमाणे डोस काढून. शी काळी होते, घाबरू नका. आम्ही लिंबाच्या सरबतासोबत देतो, चहा-दूध त्या वेळेला नाही. पेठेतली ती खिडकी आधी प्लायवूडने बंद केली, मूल आमच्या घरी असताना पेंटरकडून ओलं करून खरवडून घेतलं (सुकं घासलं तर ती धूळ घरभर होते आणि आकडा वाढतो), नवीन रंग दिला. सासूबाई रोज दोनदा ओल्या फडक्याने खिडकी आणि लाद्या पुसतात, झाडू तिथे बंद. जेवणाआधी हात साबणाने.

डीएमएसएबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की ते खरं औषध आहे, पण मुलांना ते साधारणपणे रक्तात शिसं ४५ किंवा वर असताना, देखरेखीखाली देतात. औषध देऊन लघवी तपासली तर कुणाच्याही लघवीत धातू वाढलेला दिसतो, मग तो आकडा औषध न घेतलेल्या लोकांच्या रेंजशी लावला की प्रत्येक मूल विषारी ठरतं. २००५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा अशाच दुसऱ्या एका औषधाने, ईडीटीएने, रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊन दगावला. आमचा मुलगा जवळपास त्याच वयाचा. हे ऐकताना मी नवऱ्याचा हात धरून बसले होते.

मार्चमध्ये परत रक्त तपासलं. शिसं ५.१, हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन २६. वजन भरून निघालं. माती आणि पोपडे खाणं जवळपास थांबलंय, झोप बरी आहे. बोलणं हळूहळू वाढतंय पण ते स्पीच थेरपीमुळे की कशामुळे ते मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही, कारण अशाच वाक्यांवर विश्वास ठेवून मी किट मागवलं होतं. केसांवर आणि सप्लिमेंटवर मिळून साधारण पस्तीस हजार गेले, रक्ताच्या तिन्ही टेस्ट मिळून तीन हजारांच्या आत झाल्या.

तुमच्या हातात असा रिपोर्ट आधीच आला असेल तर पैसे गेले म्हणून सप्लिमेंट सुरू करू नका. तो घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि मूल तोंडात काय घालतं ते स्वतःहून सांगा, शिरेतून शिसं आणि फेरिटिन करायचं का ते विचारा. शाम्पूची बाटली, काजळ, घरी चालू असलेली भस्मं-चूर्णं सोबत न्या, काही भस्मांमध्ये शिसं आणि पारा मुद्दाम घातलेले असतात.

आमची पुढची तपासणी जूनमध्ये आहे. पेठेतल्या घराच्या मागच्या खोलीची खिडकी अजून रंगवायची राहिलीये, तिच्यासमोर सध्या कपाट सरकवून ठेवलंय.