‘डोलकर’ की ‘डे-ओ’?

दोन्ही गाणी बंदरावरची. ‘मी डोलकर’ला शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाई आणि हेमंतकुमारांचा आवाज. त्यातला कोळी दर्याचा राजा. ऐटीत असतो, घाम कुठे दिसत नाही. अमेरिकी गायक हॅरी बेलाफॉन्टेच्या १९५६च्या ‘डे-ओ’त जमैकाचे हमाल रात्रभर बोटीत केळ्यांचे घड चढवतात आणि उजाडताच घड मोजणाऱ्याला विनवतात: मोजदाद कर बाबा, घरी जायचंय. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ. हर्णैच्या बंदरात गुडघाभर पाण्यातून मासळीच्या पाट्या डोक्यावर आणणाऱ्या बायका पाहिल्या की मला ‘डे-ओ’च जास्त खरं वाटतं. (कोळीवाड्यात हे बोलायची सोय नाही!) वरातीला मात्र डोलकरच, बेलाफॉन्टेवर बेंजोवाले काय वाजवणार?