दोन दिवसांत खाज थांबवणारी बिननावाची डबी

पांढरी प्लास्टिकची डबी, झाकणावर हिरवं पान, खाली ‘शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट नाही’. घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. एक्झिमाच्या, म्हणजे त्वचेच्या चिवट दाहाच्या, खाजेनं रात्ररात्र जागणाऱ्या माणसाला ही डबी बहुधा ओळखीचंच कुणीतरी आणून देतं. आणि दोन दिवसांत खाज खरोखर थांबते, म्हणून तर फसवणूक लवकर लक्षात येत नाही.

अशा ‘हर्बल’ मलमांच्या तपासणीत स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध, वारंवार सापडलेलं आहे, पुष्कळदा क्लोबेटासॉल, म्हणजे सर्वांत तीव्र गटातलं. हे औषध वाईट नव्हे. त्वचारोगतज्ज्ञही ते देतात, पण मोजून: सलग दोन आठवड्यांपर्यंत, आठवड्याला ५० ग्रॅमच्या आत, चेहरा, काख आणि जांघ टाळून. डबीवाला सांगतो, ‘दिवसातून तीनदा चोळा, कुठंही लावा, लहान मुलांनाही चालतं.’

माणूस त्याच्याकडे वळतो, त्यालाही कारण आहे. पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे असते, त्यामुळे अॅलर्जीच्या गोळीनं लवकर आराम पडतो. एक्झिमात तसं होत नाही. तिथं त्वचेचा वरचा थरच कमकुवत असतो, ओलावा उडून जातो, साबण आणि धूळ आत शिरते. मग प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-३१ सारखी रसायनं सोडतात आणि ती खाजेच्या नसांना चेतवतात. खाजवलं की थर आणखी फाटतो, दाह वाढतो, पुन्हा खाज सुटते. या चक्रावर नुसती गोळी पुरत नाही. ‘डॉक्टरच्या गोळ्यांनी काय झालं?’ हा प्रश्न नेमका इथंच विचारला जातो.

काही आठवड्यांनी कातडी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसू लागते. खाली लाल शिरांचं बारीक जाळं उमटतं. काखेत, मांडीवर जांभळट ताणाचे व्रण येतात. ते पुढे फिकट होतात, पुरते जात नाहीत. चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात. मुळात गजकर्ण असेल तर आणखी घोटाळा: खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र पसरत राहते, चट्ट्याची कड पुसट होते आणि जाणकार डॉक्टरही चकतो.

मलम बंद केलं की आग होते, त्वचा लालबुंद होते, खाज पूर्वीपेक्षा जास्त. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आतली उष्णता बाहेर पडतेय, सोडू नका.’ आणि दुसरी डबी हातात येते. आमच्या मते संपूर्ण व्यवहारातलं हे सर्वांत क्रूर खोटं आहे, कारण औषधानंच केलेलं नुकसान रोग्याला बरं होण्याची खूण वाटू लागतं.

सोबत पोटात घ्यायच्या पुड्या असतील तर धोका मोठा. पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. चेहरा गोल होणं, भूक वाढणं, रक्तातली साखर चढणं ही त्याची लक्षणं. अशा पुड्या महिनोन्महिने घेतल्या असतील तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. अचानक थांबवल्यास उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, माणूस बेशुद्धही पडू शकतो. मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखालीच उतरवायची.

खरं स्टेरॉइड मलम ओळखीचं असतं: ट्यूबवर औषधाचं नाव, टक्केवारी, बॅच नंबर छापलेला. मोजमापही सोपं. प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. आणि मॉइश्चरायझर रोज, सढळ हातानं, आंघोळीनंतर अंग टिपल्याबरोबर. यात दोन दिवसांचा चमत्कार नाही, पण हेच टिकतं.

डबी फेकू नका. उरलेलं मलम, पुड्या आणि वेष्टन डॉक्टरकडे न्या. किती महिने, दिवसातून किती वेळा, अंगावर कुठं कुठं लावलं आणि आतापर्यंत किती डब्या संपल्या, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. संकोचापोटी मलमाचा उल्लेख टाळला तर बदललेल्या चट्ट्यावरून निदान चुकतं.