गर्दीतून आवाज घरी आणायचा तर: मोबाईल की रेकॉर्डर?

स्टेडियममधल्या कार्यक्रमाला निघालेली पोरं अधूनमधून विचारतात, की गर्दीत उभं राहून आवाज टिपायचा तर मोबाईल पुरतो का, की वेगळा रेकॉर्डर घ्यावा. मी काही साउंडवाला नाही. पूर्व विदर्भात, वडसा-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात राहतो. दिवाळीनंतर शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि मंडई (गावची जत्रा) यांच्या निमित्तानं गावोगावी आमच्या भागातली, म्हणजे झाडीपट्टीची नाटकं लागली, की खिशात रेकॉर्डरची डबी घालून जाऊन बसतो. जे सांगतो ते त्या जोरावर.

मोबाईलची बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही. तो जवळ असतोच, गेटवर कुणी अडवत नाही, चित्रही मिळतं. नुसता आवाज ऐकत बसायला आमच्या घरी कुणाला सवड नाही. मी एकदा नाटकातलं पद लावलं, तर आई म्हणाली, "अन् मानसं कोठी हायेत?" आणि उठून गेली. तुमच्या घरी असेच श्रोते असतील, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. त्यातल्या एकाचं तिकीट भाच्यानं मिळवलं आणि मलाही ओढत नेलं. रेकॉर्डर मी मुक्कामाच्या घरीच ठेवला, कारण मोठ्या कार्यक्रमांच्या अटींत असली यंत्रं सहसा बसत नाहीत. भाचा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. एका गाण्याला मोबाईल खिशात ठेवा, असं प्रेक्षकांना सांगायची या बँडची रीत आहे. भाच्यानं शहाण्यासारखं ऐकलं, त्यामुळे अख्खं स्टेडियम उड्या मारत होतं तेवढंच गाणं त्याच्याकडे नाही. याचं मला फारसं काही वाटलं नाही. खटकलं ते वेगळंच.

एक संथ गाणं होतं. वाद्यं थांबली, हजारो माणसं गप्प झाली, माझ्या बाजूचा दाढीवाला पोरगा रडत होता. मग हळूहळू सगळे गाऊ लागले आणि शेवटी ड्रम कोसळले. तिथं अंगावर काटा आला. परतताना रेल्वेत भाच्यानं तेच लावलं, तर काटाबिटा काही नाही. शांतता शांत नव्हती. मागचा कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडत होता ते ठणठणीत ऐकू येत होतं. गाणं चढायला लागलं तसा मोबाईलनं आवाज खाली दाबला. ड्रम आले तेव्हा गायक क्षणभर विहिरीत पडल्यासारखा झाला, मग पुन्हा वर आला. कुजबूज आणि गर्जना एकाच उंचीची. आणि सगळ्यांत पुढे भाचा स्वतः, बेसूर.

कारण साधं आहे. मोबाईलचा माईक बोलण्यासाठी जुळवलेला असतो. समोरचा हळू बोलला तर आवाज वाढवायचा, ओरडला तर दाबायचा, हे तो न विचारता करतो. फोनवर बोलताना हा उपकार आहे. गाण्यात मात्र रडू येतं ते लहान आवाजातून मोठ्या आवाजात जाण्याच्या वाटेवर, आणि मोबाईल नेमकी तीच वाट सपाट करतो. रोटाव्हेटर फिरवल्यासारखी.

हा वहीम खरा की खोटा, ते त्या हंगामात एका नाटकात पाहिलं. मंडळींना विचारून रेकॉर्डर आणि मोबाईल शेजारी-शेजारी ठेवले. रात्री उशिरा बहीण-भावाचा प्रवेश आला. बाई जवळजवळ पुटपुटत बोलत होती, आणि मग ऑर्गन, तबला, प्रेक्षकांतल्या बायांचं हुंदके देणं, सगळं एकदम. मोबाईलमध्ये हुंदका आणि ऑर्गन एकाच मापाचे. रेकॉर्डरमध्ये बाईचा आवाज इतका बारीक, की कान लावावा लागतो, आणि मग ऑर्गन छातीवर येतो. मी कुठलं मोजमाप केलं नाही. कोणतं कशाचं ते न सांगता बायकोला दोन्ही ऐकवले, तर तिनं रेकॉर्डरच्या वेळी डोळे पुसले. माझ्यापुरतं तेवढं पुरे झालं.

रेकॉर्डर म्हणजे सुख असं मात्र समजू नका. साधारण दहा हजारांच्या घरात जातो, म्हणजे धान विकल्याच्या महिन्यातच घ्यायची वस्तू. आवाजाची पातळी आधी हातानं बांधावी लागते. रेकॉर्डरच्या मापात शून्य म्हणजे आवाज फाटायची हद्द; सगळ्यांत मोठा आवाज तिच्याखाली, उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी बांधली, तर पुढे धोका कमी. काही रेकॉर्डरांत बटण एकदा दाबलं की तो नुसता तयारीत राहतो, दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरू होतो. हे न कळल्यामुळे माझा एक अख्खा अंक गेला. खादीच्या कडक शर्टाच्या खिशात ठेवला, तर श्वासागणिक खरखर. वाऱ्यासाठी मी कापूस गुंडाळून पाहिला. पण तो बारीक सूर गिळतो. शेवटी पोरीच्या जुन्या अस्वलाची फर कापून टोपी शिवली. ती बरी चालते. अस्वलाबद्दल अजून ऐकून घ्यावं लागतं.

अलीकडे ३२ बिट फ्लोटचे, म्हणजे आवाज लहान-मोठा कसाही असो, तो न फाटता साठवणारे छोटे रेकॉर्डर आलेत. झूमचा एच-१ इसेन्शियल २०२४ चा, त्याला पातळी बांधावीच लागत नाही. नवख्यानं तसाच घ्यावा, असं माझं मत. फक्त एक ध्यानात असू द्या: त्याचा माईकच बाहेरचा आवाज १२० डेसिबलपर्यंत सोसतो. स्पीकरच्या तोंडाशी उभे राहिलात आणि माईकच फाटला, तर फ्लोट काही वाचवत नाही. म्हणून साउंडवाल्याच्या टेबलामागे जागा धरा. तो स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच जुळवत असतो, आणि त्याचे कान तिथं असतात. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडनं १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रेक्षकांना अशीच, टेबलामागची जागा नेमून दिली होती. आपल्याकडे तेवढं कुणी करणार नाही, पण जागा तीच चांगली.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग कलाकाराच्या हक्कांचा भंग ठरत नाही. ते यूट्यूबवर चढवणं वेगळं, आणि आयोजकाच्या अटी त्याहून वेगळ्या. तिकिटावर मनाई असेल तर डबी घरी ठेवा, लपवून नेऊ नका. गावच्या नाटकाला मात्र पडद्यामागे जाऊन विचारलं, तर मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट चहा मिळाला.

तेव्हा चित्र हवं, घरच्यांना दाखवायचं, तर मोबाईल. तो क्षण पुन्हा कानात हवा, आणि नेऊ देत असतील, तर मी रेकॉर्डरच घेईन, भाचा अजूनही मला "कायले एवढा खटाटोप, मामा?" म्हणतो, तरीसुद्धा. नेऊ देत नसतील तर मधला मार्ग आहे, नवी मुंबईत मी माझ्या मोबाईलवर तोच वापरला. पातळी हातानं बांधता येईल असं, आपोआप वर-खाली करणं बंद करता येईल असं रेकॉर्डिंगचं ॲप आधीच टाकून ठेवा आणि घरी जोरात गाणी लावून एकदा तपासा. तिथं गेल्यावर फ्लाइट मोड टाका, नाहीतर ऐन वेळी शेतावरून "लाईन आली, मोटर लावू का?" म्हणून फोन येतो. मोबाईल शर्टाच्या खिशात उलटा ठेवा, खालचा माईक वर येईल असा. आणि गाऊ नका, निदान बेसूर तरी.