दुसऱ्या पिढीची गोळी

मला कोणी नकली अँटिबायोटिक विकले आहे, हे गोळ्या घेताना माझ्या लक्षात आले नाही आणि ताप चढत गेला तेव्हाही आले नाही. ते कळले लघवीच्या तपासणीच्या कागदावरून, आणि तोवर मी रुग्णालयात हाताला सलाइन लावून पडले होते. नकली औषध इतके दिवस पोटात जाऊनही लपून कसे राहते, ते इतरांना कळावे म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात साध्या सर्दीने झाली. घसा धरला होता, अंग मोडून आले होते आणि डॉक्टरांकडे जाण्याचा कंटाळा आला होता. ओळखीतून एका विक्रेत्याचा फोन नंबर मिळाला. हा गृहस्थ चिठ्ठीशिवाय औषधे घरपोच पाठवत असे. त्याने दोन मिनिटे माझे ऐकून घेतले आणि सेफालेक्सिन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल पाठवल्या. पाचव्या दिवशी मी ठणठणीत झाले. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि सेफालेक्सिन ज्यात मोडते त्या सेफालोस्पोरिन गटातली औषधे जिवाणूंना त्यांची पेशीभित्तिका बांधू देत नाहीत म्हणून ते मरतात. विषाणूंना मुळात अशी भित्तिकाच नसते, त्यामुळे त्या कॅप्सूल अस्सल असत्या तरी सर्दीवर त्यांचा काही उपयोग नव्हता, हे मला पुढे समजले. त्या वेळी मात्र कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली आणि मी सगळे श्रेय कावळ्याला देऊन मोकळी झाले. त्या माणसाला मी आभाराचा लांबलचक संदेश पाठवला आणि उरलेल्या सहा कॅप्सूल पुन्हा कधीतरी लागतील म्हणून कपाटात ठेवून दिल्या. अँटिबायोटिक असे साठवून ठेवायचे नसते, हेही तेव्हा ठाऊक नव्हते.

काही महिन्यांनी लघवीला जळजळ सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला व उजव्या बाजूला बरगडीखाली पाठीत दुखू लागले. ही लक्षणे मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेल्या संसर्गाची असू शकतात आणि त्यात डॉक्टरांकडे जाण्यात एक दिवसही घालवू नये. मी फोन त्या विक्रेत्यालाच केला. तो म्हणाला, "ताई, मागच्या वेळचे औषध पहिल्या पिढीचे होते. आता दुसऱ्या पिढीचे पाठवतो, दुप्पट जोराचे. उपाशीपोटी घ्या, लगेच लागू पडेल." या दोन-तीन वाक्यांत दोन थापा होत्या. सेफालोस्पोरिनच्या पिढ्या जोर वाढत गेल्याच्या पायऱ्या नाहीत. कोणते औषध कोणत्या जिवाणूंवर चालते, यावरून ती विभागणी ढोबळमानाने केलेली आहे. त्वचेच्या काही साध्या संसर्गांत पहिल्या पिढीचे सेफालेक्सिन उत्तम चालते, आणि त्याच जागी तिसऱ्या पिढीचे सेफिक्झिम कमी पडते. दुसरी थाप उपाशीपोटाची. त्याने पाठवलेल्या खोक्यावर सेफ्युरॉक्सिम ॲक्सेटिल, 500 मिलिग्रॅम, असे छापले होते, आणि हे औषध जेवणानंतर घेतले तरच शरीरात नीट शोषले जाते.

गोळी आकाराने मोठी होती आणि माझ्या घशाखाली उतरेना, म्हणून मी ती मोडून घेत असे. मोडलेली कड जिभेला लागली की खडूसारखी लागायची, सपक आणि पिठूळ. ही एवढीशी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

तीन दिवस गोळ्या घेऊनही ताप हटेना. विक्रेत्याचे म्हणणे असे की औषध आधी जंतूंशी झगडते, म्हणून ताप वाढतो. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि घरच्यांनी मला रुग्णालयात नेले. तिथे अँटिबायोटिक देण्याआधी लघवीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहण्यासाठी, घेतला आणि मग शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन हे त्याच गटातले औषध सुरू केले. त्याआधी परिचारिकेने जे विचारले ते मला अजून आठवते: पेनिसिलिनने किंवा असल्या कुठल्या औषधाने कधी अंगावर गांधी उठल्या का, ओठ सुजले का, दम लागला का; गरोदर आहात का; दुसरी कोणती औषधे चालू आहेत. मूत्रपिंडाचे काम तपासायला रक्तही घेतले, कारण ते मंदावले असेल तर यांतल्या अनेक औषधांचे प्रमाण कमी करावे लागते. विक्रेत्याने दोन्ही वेळा यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या क्षणी मला त्याचा संशय आला असता तर माझ्या हुशारीचे कौतुक झाले असते, पण मला वाटले ते एवढेच की रुग्णालयाची माणसे उगाच फार चौकशा करतात.

कल्चरचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. ई. कोलाय जिवाणू, दर मिलिलिटरला 1,00,000 हून अधिक. आणि औषधांच्या यादीत सेफ्युरॉक्सिमपुढे ‘एस’, म्हणजे हा जिवाणू त्या औषधाने मरतो. डॉक्टर कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांना आधी वाटले होते की जंतू औषधाला दाद देत नसावेत, आणि नकली औषध नेमके याच समजाआड लपते. पण सेफ्युरॉक्सिम शरीरातून मुख्यतः लघवीवाटेच आणि न बदलता बाहेर पडते, त्यामुळे तीन दिवस ते खरोखर पोटात गेले असते तर दाद देणारे जंतू त्या लघवीत असे माजले नसते. त्यांनी गोळ्यांची पट्टी मागवून घेतली.

रुग्णालयाच्या फार्मासिस्ट बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. खोक्यावरचा बॅच नंबर एक होता, पट्टीवरचा दुसरा. मुदतीच्या तारखेवरून त्यांनी अंगठा फिरवला तर शाई पुसट झाली. मग त्यांनी चवीचे विचारले आणि मी खडूचे सांगितले. त्या म्हणाल्या, "ही गोळी मोडली की तोंडात इतका कडूपणा राहतो की तो जाता जात नाही, म्हणून तर ती अख्खी गिळायला सांगतात." अर्थात चव ही काही चाचणी नव्हे आणि घरी कोणी ती करू नये. काही नकली गोळ्यांत खरे औषध थोडेसे घातलेले असते, आणि त्या जास्त घातक ठरतात, कारण अपुऱ्या मात्रेत तगून राहिलेले जंतू पुढे अस्सल औषधालाही जुमानत नाहीत.

आम्ही औषध नियंत्रण कार्यालयात लेखी तक्रार केली. गोळ्या, खोके, विक्रेत्याचे संदेश आणि कपाटातल्या त्या सहा कॅप्सूलही दिल्या. प्रयोगशाळेच्या अहवालात गोळ्यांमध्ये सेफ्युरॉक्सिम आढळले नाही आणि कॅप्सूलमध्ये सेफालेक्सिन आढळले नाही. विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. त्याच्याकडून औषधे घेतलेल्या आणखी एका बाई कार्यालयात भेटल्या. तुम्ही याच्यावर विश्वास कसा ठेवलात, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी आपला फोन पुढे केला. त्याने त्यांना एका बऱ्या झालेल्या गिऱ्हाइकाचा संदेश पाठवला होता, आणि तो माझा होता.