फॉन्टटूल्स, आठ महिने आणि एक कापलेला रफार

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकातल्या पत्रिकांच्या दुकानातून फोन आला. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, एरवी मोठ्या आवाजात बोलतात. त्या दिवशी आवाज खाली होता. "जरा येऊन जा. आत्ताच ये." गेलो तर टेबलावर ४०० पत्रिकांचे गठ्ठे आणि शेजारच्या खुर्चीत मुलीचे वडील. त्यांनी एक पत्रिका माझ्या हातात दिली. "चि. सौ. कां." पर्यंत सगळं नीट. त्यापुढे सोनेरी अक्षरांत नाव: कीती. "अहो, माझ्या मुलीचं नाव कीर्ती आहे," एवढंच ते बोलले.

डोळ्यांजवळ धरून पाहिली. रफार गायब नव्हता, कापला गेला होता. त्याचं बूड दुसऱ्या वेलांटीला चिकटून उरलं होतं आणि वरचा आकडा पट्टी लावून उडवल्यासारखा सपाट. हातभर अंतरावरून कुणीही कीतीच वाचलं असतं. पत्रिका २८ रुपयांना एक, म्हणजे ११,२०० रुपये. नावाचं चित्र बनवणारा प्रोग्राम माझा होता, त्यामुळे फेरछपाईचे पैसे मी भरले. मुलीच्या नावाचं तसं झालेलं पाहून त्यांना जे वाटलं असेल त्याची भरपाई माझ्याकडे नव्हती.

हा अनुभव फॉन्टटूल्सबद्दल आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फॉन्ट फाइल उघडून आतली मापं वाचायला ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. पिप या पायथनच्या आज्ञेने एका ओळीत बसते, परवाना एमआयटीचा, म्हणजे खुला, पैसे शून्य. मूळ काम जस्ट व्हॅन रॉसम यांचं, पायथन बनवणाऱ्या ग्विडोंचे हे भाऊ. मी ऑगस्टमध्ये घेतली. त्याआधी दोन वर्षं एका कंपनीचं विकतचं साधन होतं, वर्षाला १४,००० रुपये. एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायचं तर पुन्हा फोन आणि पुन्हा बिल. फॉन्टटूल्सवर आलो त्याचं पहिलं कारण हे १४,००० रुपयेच.

मधे दोन आठवडे स्वतःच वाचक, म्हणजे फॉन्ट फाइल वाचणारा प्रोग्राम, लिहून पाहिला. ट्रूटाइप, म्हणजे नेहमीच्या टीटीएफ फॉन्टची फाइल दिसते तितकी अवघड नाही: सुरुवातीला १२ बाइट, मग प्रत्येक टेबलासाठी, म्हणजे आतल्या माहितीच्या प्रत्येक तक्त्यासाठी, १६ बाइटांची नोंद, आणि अंक सगळे मोठा बाइट आधी असे. हे सगळं जमलं, पण रुंदीच्या टेबलावर अडलो. एचएमटीएक्स टेबलात प्रत्येक चिन्हाची रुंदी लिहिलेली असेलच असं नसतं. शेवटच्या बऱ्याच चिन्हांची रुंदी सारखी असली तर ती एकदाच लिहितात आणि पुढे फक्त डावीकडची जागा. आपल्या देवनागरी फॉन्टांत शेवटाला मात्रा, अनुस्वार, रफार असे शून्य रुंदीचे गडी रांगेने बसलेले सापडतात. माझा वाचक त्यांच्या डावीकडच्या जागेलाच रुंदी समजत होता, त्यामुळे मात्रा अक्षरापासून लांब पळायच्या. फॉन्टटूल्सने हे पहिल्या दिवसापासून बरोबर वाचलं. त्याच संध्याकाळी माझी २०० ओळींची फाइल पुसून टाकली.

पहिले चार महिने इतके सुरळीत गेले की नोव्हेंबरात लिहिलं असतं तर चार ओळींत स्तुती करून थांबलो असतो. फाइल उघडली तरी टेबल मागितल्याशिवाय उलगडत नाही, त्यामुळे हार्ड डिस्कवरच्या सगळ्या फॉन्टांची यादी चहा होईपर्यंत तयार.

तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांचा हंगाम सुरू झाला.

नाव सोनेरी फॉइलमध्ये येतं, त्यासाठी वेगळा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करावा लागतो, आणि ब्लॉकवाल्याला काळ्या-पांढऱ्या रंगातलं फक्त नावाचं चित्र लागतं. ते चित्र माझा प्रोग्राम बनवतो. फॉन्टची वरची उंची आणि खालची खोली विचारायची, तेवढा चौकोन आखायचा, त्यात नाव काढायचं. ग्राहकाला व्हॉट्सअपवर जाणारं प्रूफ मात्र ब्राउझरमधून निघतं, आणि ब्राउझर चौकोनाबाहेर आलेलं अक्षर कापत नाही. म्हणून प्रूफमध्ये कीर्ती होती आणि ब्लॉकवर कीती.

त्या रात्री राग सगळा लायब्ररीवर होता. फुकटातलं साधन, चुकीचा आकडा दिला, असंच डोक्यात. मग टीटीएक्स चालवलं. फॉन्टटूल्सबरोबरच येणारी ही आज्ञा फॉन्टचं हवं ते टेबल एक्सएमएलमध्ये उतरवून देते, साध्या एडिटरमध्ये वाचता येतं. उंचीशी संबंधित दोन टेबलं काढली आणि समोर हे आलं. एम चौकोन, म्हणजे अक्षराची मापं ज्या चौकोनाच्या हिशोबात लिहितात तो, १००० एककांचा. एचएचईए टेबलात वरची उंची ८२०, खोली उणे २६०. ओएस/२ टेबलातली टायपो उंची ७५०, खोली उणे २५०. त्याच ओएस/२ मधली विन उंची १०९०, खोली ४१०.

एका फॉन्टला एक प्रश्न, तुझी उंची किती, आणि उत्तरं तीन. मॅक एचएचईएचं ऐकतो. विंडोज विनचं ऐकतं, मात्र फॉन्टमधला एक ठरावीक बिट, म्हणजे चालू-बंदची खूण, चालू असेल तर टायपोचं. विंडोजवरचे जुने प्रोग्राम विनच्या रेषेबाहेरचं अक्षर कापूनही टाकतात. गूगल फॉन्ट्सच्या नियमावलीत एचएचईए आणि टायपो सारखे ठेवा, तो बिट चालू करा आणि विनमध्ये खऱ्या अक्षरांची टोकं भरा असं सांगितलेलं आहे. माझा फॉन्ट विकतचा, एका विक्रेत्याकडून बिल घेऊन आणलेला, आणि त्यात तिघांची तीन तोंडं.

आता उणे चिन्हाकडे बघा. एचएचईए आणि टायपोमध्ये खोली उणे लिहितात, विनमध्ये अधिक. कारण समजतं: विनचा अंक चिन्हाशिवाय साठवलेला असतो, त्याला उणे होताच येत नाही. फॉन्टटूल्स जसं फाइलीत आहे तसंच हातात देते. माझ्या प्रोग्राममध्ये हे तिन्ही आकडे सतरा ठिकाणी येतात, आणि सतराही ठिकाणी थांबून विचार करावा लागला की इथे बेरीज की वजाबाकी. आठ महिन्यांत या लायब्ररीबद्दल कुठल्या एका गोष्टीचा मला सर्वांत जास्त त्रास झाला असेल तर तो या उणे चिन्हाचा. लायब्ररीच्या दस्तऐवजात उंची-खोलीच्या या तीन जोड्यांसाठी एक पान हवं होतं: कोण कुठे वापरतं, चिन्ह कुठलं, आणि वेलांटीवर रफार चढला तर काय होतं. आहे ते सगळं, तुम्हाला ओपनटाइपचं स्पेसिफिकेशन, म्हणजे फॉन्ट फाइलीची नियमावली, पाठ आहे असं धरून लिहिलेलं.

पण आकडा लायब्ररीने चुकीचा दिला नव्हता. ८२० फाइलीतच होता. तिने प्रामाणिकपणे वाचून दाखवला आणि मी त्यावर विसंबून चौकोन आखला. रफाराचं टोक ९३४ वर होतं. ११४ एककांचा फरक, ४८ पॉइंटच्या अक्षरात जवळजवळ २ मिलीमीटर. त्या २ मिलीमीटरमध्ये एका मुलीचं नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी सोपा उपाय केला: विनचे आकडे घ्यायचे. रफार परत आला, काकांना पाठवलं, त्यांनी ब्लॉकवाल्याला पाठवलं, आणि बिल आलं. ब्लॉकचे पैसे क्षेत्रफळावर लागतात. आधीचा चौकोन १०८० एकक उंच होता, आता १५००. म्हणजे प्रत्येक नावामागे सुमारे ३९ टक्के जादा, आणि ते सगळे पैसे कोऱ्या धातूचे. हंगामात काकांकडे अशी शेकडो नावं येतात. हे परवडण्यासारखं नव्हतंच.

मग ठरवलं की घोषित उंची सोडायची आणि खरी शाई मोजायची. ट्रूटाइपमध्ये प्रत्येक चिन्हाच्या सीमा फाइलीतच असतात. पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या ओटीएफ फॉन्टांमध्ये तशा नसतात, तिथे फॉन्टटूल्सची बाउंड्सपेन नावाची सोय आहे, ती रेषा फिरवून सीमा काढून देते. सुंदर चालते. तरी उत्तर आलं ८४६. आणि छापलेलं टोक ९३४. इथे मी दोन रात्री बसलो.

रफाराचं चिन्ह एकटं असताना ८४६ पर्यंतच जातं. पण वेलांटीवर बसताना फॉन्टमधलं जीपॉस टेबल, म्हणजे चिन्हं जुळताना कुठे सरकवायची ते सांगणारा तक्ता, त्याला ८८ एकक वर उचलतं. ८४६ आणि ८८, बरोबर ९३४. म्हणजे फॉन्टमधलं प्रत्येक चिन्ह वेगवेगळं मोजलं तरी मराठी शब्दाची उंची कळत नाही, कारण ती उंची शब्द जुळल्यावरच तयार होते. इंग्रजीला हे सहसा नडत नाही. ए चं माप घेतलं की ए संपला.

माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळ्याच्या अंगाबाहेर आलेली मात्रा आधी तुटते, म्हणून ती ओळ हाताने उचलायची नाही, पट्टीने सरकवायची, हे ते लहानपणी आम्हाला दाखवायचे. त्यांना ८८ एककांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पत्रिका उजेडात धरली आणि म्हणाले, "अरे, रफाराला नेहमीच वरची जागा लागते. तुमच्या मशीनला कुणी सांगितलं नव्हतं का?" सांगितलं नव्हतं, हेच खरं.

शब्दातली चिन्हं अशी जुळवून देणारी लायब्ररी म्हणजे हार्फबझ. पायथनमधून वापरायला त्याची वेगळी जोडणी मिळते, तीही फुकट. आता क्रम असा: शब्द हार्फबझला द्यायचा, त्याच्याकडून कुठलं चिन्ह किती सरकलं ते घ्यायचं, फॉन्टटूल्सकडून त्या चिन्हाच्या सीमा घ्यायच्या, बेरीज करायची. चौकोन नावाला घट्ट बसतो, कापत नाही, आणि ब्लॉकचं बिल पूर्वीपेक्षाही खाली आलं, कारण बहुतेक नावांत ना खाली उकार असतो ना वर रफार. जानेवारीपासून एकही ब्लॉक परत आलेला नाही. डिसेंबरच्या त्या रात्री मी फॉन्टटूल्स काढून टाकायला निघालो होतो. आज कुणी पुन्हा १४,०००चं साधन फुकट दिलं तरी घेणार नाही, कारण तिथे ८२० कुठून आला हे मला कधीच बघता आलं नसतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट ज्यांच्याकडे साठलेत, आणि पुण्यात छपाईच्या धंद्यात ते प्रत्येकाकडे आहेत, त्यांनी सावध राहा. त्यातले बरेच सिंबॉल पद्धतीने, म्हणजे युनिकोडच्या क्रमांकांशिवाय, बांधलेले असतात, आणि कुठल्या युनिकोड अक्षराला कुठलं चिन्ह हे गेटबेस्टसीमॅपला विचारलं की उत्तर नन, म्हणजे काहीच नाही, असं येतं. पुढचा प्रोग्राम तिथेच कोसळतो. आधी तपासा. अगदी जुन्या काही फॉन्टांत ओएस/२ टेबलच नसतं, तीच काळजी तिथेही. टीटीसी म्हणजे एका फाइलीत अनेक फॉन्ट. कितवा हवा तो आकडा दिला नाही तर उघडत नाही. जुन्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टांच्या मापांच्या एएफएम फाइलीही वाचता येतात. त्या तर साध्या मजकुराच्या, हेल्वेटिकाच्या मोठ्या ए ची रुंदी ६६७ असं डोळ्यांनीही दिसतं. टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामच्या टीएफएम, म्हणजे मापांच्या फाइलींसाठीही सोय आहे. त्या फाइलीत अख्ख्या फॉन्टला जास्तीत जास्त १६ वेगवेगळ्या उंच्या ठेवता येतात. मला कामात लागली नाही, पण १६ उंच्यांत आपला रफार कुठे बसवला असता हा विचार मनातून जात नाही.

नवीन फॉन्ट आला की आता मी आधी पाच शब्द काढून बघतो: कीर्ती, मूर्तींना, ऱ्हस्व, कर्तृत्व, दुर्गा. मूर्तींना सर्वांत कडक. एकाच वेलांटीवर रफार आणि अनुस्वार दोन्ही. घोषित उंची आणि मोजलेली उंची शेजारी छापून घेतो, आणि फरक ५० एककांच्या वर गेला तर तो फॉन्ट काकांच्या यादीत चढत नाही.

ज्याने हे सगळं सुरू केलं तो फॉन्ट मात्र अजून तसाच आहे. फॉन्टटूल्सने ८२० च्या जागी ९५० लिहून फाइल जतन करणं तीन ओळींचं काम आहे, पण त्याचा परवाना फाइल बदलू देत नाही. विक्रेत्याला दोन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर आलं की आमच्याकडे व्यवस्थित दिसतं. दुसऱ्याला उत्तर नाही. गेल्या सोमवारी तिसरं पाठवलं, त्यात टीटीएक्सचे आकडे आणि त्या पत्रिकेचा फोटो जोडला. याच घराण्यातली ठळक आणि बारीक अशी आणखी दोन वजनं काकांना हवी आहेत. ८२० दुरुस्त होऊन येईपर्यंत त्यांचे पैसे भरायचे नाहीत, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.