‘ट्रिस्टन अँड इसोल्ड’ बघितला आणि जीव नवऱ्यावर जडला

झोप येत नव्हती म्हणून रात्री बाराला २००६ चा ‘ट्रिस्टन अँड इसोल्ड’ हा सिनेमा लावला, म्हटलं अर्धा तास बघू आणि झोपू, आणि बंद केला तेव्हा दोन वाजून गेले होते. पण गंमत अशी की मला जागं ठेवलं ते त्या प्रेमात पडलेल्या दोघांनी नाही, इसोल्डच्या नवऱ्याने. राजा मार्कने. स्पॉयलर दिले म्हणून ओरडू नका प्लीज, गोष्ट साडेआठशे वर्षांपूर्वीच लिहून झालीये आणि त्यात ते दोघं मरतात हे अख्ख्या जगाला माहितीये.

तर, रोमन लोक ब्रिटन सोडून गेलेत, मागे राहिलेले सरदार एकमेकांच्या उरावर बसलेत आणि समुद्रापलीकडचा आयर्लंडचा राजा त्याचा फायदा घेऊन सगळ्यांना लुटतोय. कॉर्नवॉलचा मार्क या सगळ्यांची मोट बांधायला बघतोय. त्याने लहानग्या ट्रिस्टनला एका हल्ल्यात वाचवलंय आणि त्यात स्वतःचा एक हात गमावलाय, मग पोरगं पोटच्यासारखं वाढवलंय. पुढे लढाईत ट्रिस्टनला विषारी तलवार लागते, सगळ्यांना वाटतं गेला, म्हणून त्याला होडीत निजवून समुद्रात सोडतात, आणि ती होडी लागते नेमकी आयर्लंडच्या किनाऱ्याला. तिथे त्याला सापडते राजाची मुलगी इसोल्ड, ती त्याला लपवून बरं करते आणि नाव मात्र आपल्या दासीचं सांगते. बस, सगळा घोळ या एका खोट्या नावाने होतो.

कारण पुढे आयरिश राजा मुलीच्या लग्नासाठी स्पर्धा ठेवतो, जिंकेल त्याला मुलगी, आणि ट्रिस्टन तिथे मार्कच्या वतीने लढतो. जिंकतो. तोपर्यंत बिचाऱ्याला पत्ताच नाही की राजकन्या म्हणजे तीच. तिला वाटतं हा आपल्यालाच न्यायला आलाय, चेहरा नुसता उजळतो तिचा, आणि मग कळतं की याने आपल्याला जिंकलंय ते दुसऱ्यासाठी. इसोल्ड झालेल्या सोफिया माइल्सचा तो चेहरा बघा तुम्ही. हसू पुसलं जात नाही लगेच, थोडं तसंच अडकून राहतं, आणि डोळ्यांत मात्र काही उरलेलं नसतं. मी मागे घेऊन दोनदा बघितला तो सीन.

आता मूळ दंतकथा थोडी माहिती असेल तर एक गोष्ट लगेच खटकते. यात प्रेमाचा काढाच नाहीये! जुन्या कथेत इसोल्डच्या आईने मुलीसाठी आणि मार्कसाठी खास बनवून दिलेलं पेय हे दोघं जहाजावर चुकून पिऊन बसतात आणि मग त्यांच्या हातात काही उरत नाही. बेरूल नावाच्या बाराव्या शतकातल्या कवीकडे तर त्याचा अंमल फक्त तीन वर्षं असतो, म्हणजे औषधाला एक्सपायरी डेट असते तशी. थोडक्यात जुन्या लोकांनी पळवाट ठेवली होती, पाप यांचं नाही, काढ्याचं. सिनेमावाल्यांनी ती पळवाट बंद केली. इथे दोघं पूर्ण शुद्धीत आहेत, ज्या माणसाने हात गमावून जीव वाचवला त्याच्याच बायकोला चोरून भेटायचं हे ट्रिस्टनला कळतंय आणि तरी तो जातोय. मला हा बदल जाम आवडला, धाडसाचा आहे. पण मग काढ्याचं सगळं काम नटाला करावं लागतं ना, आणि तिथे ट्रिस्टन झालाय जेम्स फ्रँको. दिसायला छान आहे हो, पण प्रेमात असो, जखमी असो की मत्सराने जळत असो, एकच पडलेला चेहरा, जणू रात्रभर प्रवास करून आलाय. त्याच्या मनात काय चाललंय ते इसोल्डकडे बघून ओळखायला लागतं.

आणि समोर कोण, तर रूफस स्यूएल. त्याने मार्क असा काही केलाय की विचारू नका. एरवी अशा गोष्टीत नवरा म्हातारा नाहीतर दुष्ट असतो, म्हणजे आपल्याला प्रेमिकांची बाजू घ्यायला बरं. हा तर चांगला निघतो! बायकोशी अदबीने वागतो, ती खूश नाही हे त्याला दिसतं आणि तो त्याचं खापर स्वतःवर फोडतो. शेवटी सगळं उघडं पडल्यावर ती त्याला आधीची हकिगत सांगते तेव्हा तो काय करतो, तर दोघांना सोडून देतो. जा म्हणतो. नदीवर होडी तयार असते. तुटलेल्या माणसाचा मोठेपणा कसा दाखवावा हे त्या पाच मिनिटांत शिकावं.

आणि मग ट्रिस्टन होडी ढकलून देतो, तिला एकटीला पाठवतो आणि स्वतः लढायला परत जातो, का तर जग म्हणेल यांच्या प्रेमापायी राज्य बुडालं. अरे बाबा, हा विचार आधी करायचास की!

काही तक्रारी आहेतच. इसोल्ड त्याला एक कविता वाचून दाखवते ती चक्क इंग्रज कवी जॉन डनची, म्हणजे १५७२ साली जन्मलेल्या माणसाची, गोष्ट घडतेय त्याच्या जवळपास हजार वर्षं आधी. निळसर-राखाडी रंग इतका की उन्हाचा एक तुकडा दिसला तरी बरं वाटतं. क्लायमॅक्सची लढाई नेहमीचीच, मी मोबाइल बघत होतो. आणि सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती मूळ कथेतला खट्याळपणा गेल्याची. तिथे दोघं पक्के बिलंदर आहेत. पावलं उमटावीत म्हणून राजाचा बुटका त्यांच्या बिछान्यांच्या मध्ये पीठ पसरतो तर ट्रिस्टन उडी मारून पलीकडे जातो, फक्त पायाची जखम उघडते आणि रक्ताचे थेंब पिठावर पडतात. किंवा तो महारोग्याचं सोंग घेऊन इसोल्डला पाठीवर बसवून चिखलातून पलीकडे नेतो, म्हणजे तिला शपथ घेता यावी की राजा आणि हा महारोगी सोडून कोणी माझ्या मांड्यांमध्ये आलेलं नाही. खरी शपथ, शब्दागणिक खरी! सिनेमात हे काही नाही, सगळे अखंड गंभीर, कोणी एक जोक मारत नाही. काळ्या-पांढऱ्या शिडांचा तो शेवटही नाही, ज्यात पांढरं शीड म्हणजे इसोल्ड येतेय आणि काळं म्हणजे नाही असं ठरलेलं असतं, ट्रिस्टनची बायको (हो, तिथे त्याचंही दुसरीशी लग्न झालेलं असतं) शीड काळं आहे असं खोटं सांगते आणि ट्रिस्टन त्या धक्क्याने मरतो.

तरी बघाच, घाई नसेल अशा रात्री बघा. पाचातले तीन स्टार, त्यातला दीड एकट्या स्यूएलचा आणि एक सोफिया माइल्सचा.

फक्त शेवट बघून चिडचिड झाली माझी. या दोघांसाठी ट्रिस्टनचा नदीकाठचा मृत्यू, रोमन अवशेषांखालचं थडगं, एकमेकांत गुंतलेली दोन झाडं, सगळा साज. आणि मार्कचं काय, तर त्याने आयरिशांना हरवलं आणि पुढे शांततेत राज्य केलं, एवढंच सांगून मोकळे. मेला नाही म्हणून काय झालं, त्याला एक सीन द्यायला नको?